भिंतीवरचा तळहात

वैजयंती सबनीसनं सत्तर वर्षांची म्हातारी पहिल्यांदा रंगमंचावर उभी केली, तेव्हा ती स्वतः एकोणचाळीस वर्षांची होती. दिल्लीच्या मंडी हाऊसजवळच्या नाट्यगृहात प्रयोगाआधी तासभर आरशासमोर बसून तोंडावर सुरकुत्या काढून घ्यायच्या, केसांना पांढरं फासायचं, गुडघ्याला पट्टा बांधायचा. पुढं वर्षं सरत गेली तशा सुरकुत्या काढायच्या कमी झाल्या, मग पांढरं फासायचंही थांबलं. शेवटी शेवटी ती ऑफिसातून तडक यायची, कुंकू पुसायची आणि उभी राहायची.

तिचं बालपण आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. वडील एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. शाळा पहाडगंजची, मराठी. गणपतीत दरवर्षी मंडपात नाटक बसायचं आणि वैजयंती त्यात असायचीच. कॉलेजात गेल्यावर तिला वाटलं की दिल्लीत राहून नाटक करायचं तर हिंदीतच केलं पाहिजे. पहिल्या ग्रुपनं तिला वाचायला लावलं. तिच्या ‘ज’मध्ये पुणं ऐकू येतं असं म्हणून सगळे हसले आणि मुक्या मोलकरणीचं काम तिच्या गळ्यात टाकलं. पुण्यात ती तोवर दोनदाच गेली होती. त्यानंतर दोन वर्षं तिनं रोज सकाळी गच्चीत मोठ्यानं हिंदी वाचली. जीभ इतकी साफ झाली की पुढं ती केंद्र सरकारात हिंदी अनुवादक म्हणून लागली. घरी मात्र आई म्हणायची, ‘‘अगं, मराठीपण पाहुण्यासारखी बोलायला लागलीस तू.’’

नोकरी, लग्न, मुलगी क्षिप्रा, आणि या सगळ्यातून उरलेल्या वेळात नाटक. दिल्लीत बनणाऱ्या मालिकांमध्ये तिनं नर्स केली, नवरीची मामी केली, न्यायाधीशाच्या शेजारी बसून फाइल पुढं सरकवणारी बाई केली. तिचा नवरा प्रसन्न बँकेत होता. तो प्रत्येक नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला यायचा आणि ‘छान झालं’ म्हणायचा. दुसऱ्यांदा कधी आला नाही, पण आडवाही आला नाही.

वडील गेल्यावर आई तिच्याकडे राहायला आली. तेव्हा वैजयंतीला सरोजिनी नगरात दुसऱ्या मजल्यावरचं क्वार्टर मिळालं होतं. आईचं नाव राधा. एका तापानंतर तिला ऐकू येईनासं झालं होतं. अगदीच काही नाही. घंटा नाही, कुकरची शिट्टी नाही, नातीचं रडणंसुद्धा नाही. ती संध्याकाळ झाली की खिडकीत उभी राहून वैजयंतीची वाट बघायची आणि वैजयंतीला त्याचा फार राग यायचा. ऑफिस, तालीम, बसचे धक्के खाऊन यावं आणि खालूनच ते काळजीनं ओढलेलं तोंड दिसावं. एकदा ती खुणा करून आईवर चांगलीच तडकली. ‘‘मी काय लहान आहे? उभी राहत जाऊ नकोस खिडकीत.’’ आई खरंच उभी राहायची बंद झाली.

काही महिन्यांनी एका संध्याकाळी वैजयंती वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यामागोमाग जिना चढून आली. तो पुढं वर गेला आणि तिनं आपल्या किल्लीनं दार उघडलं. आई पॅसेजमध्ये उभी होती. जिन्याला लागून असलेल्या भिंतीवर उजवा तळहात पसरून टेकवलेला, मान दुसरीकडे वळलेली, ओठ किंचित उघडे. जिन्यावरच्या पावलांचा थरथराट ती हातानं ऐकत होती. शेजाऱ्याची पावलं वर वर चालली होती आणि तिचा चेहरा त्यांच्यामागे उतरत चालला होता. मग तिला दारात मुलगी दिसली. तिनं हात चटकन काढला नाही. पदराचं टोक घेतलं आणि त्याच जागी भिंत पुसायला लागली, जणू पुसायलाच हात लावला होता.

‘‘डाग पडलाय,’’ ती म्हणाली.

डाग नव्हता.

वैजयंती चहा टाकायला आत गेली. पण त्या रात्री तिला झोप आली नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला फक्त आईचा विचार कारण नव्हता.

तिच्या ग्रुपचा दिग्दर्शक विश्वास माथुर तेव्हा एक नाटक लिहीत होता, ‘ज़ीने की आहट’, म्हणजे जिन्यावरची चाहूल. मुलगा परीक्षेचा निकाल बघायला म्हणून बाहेर पडतो आणि परत येत नाही. आई वर्षानुवर्षं वाट बघते, एवढीच गोष्ट. त्यातली म्हातारी काही केल्या उभी राहत नव्हती, नुसती रडत होती. वैजयंतीनं तालमीत सांगितलं, ‘‘तिला ऐकू येत नाही असं करून बघू.’’ आणि विंगेच्या फळीवर तिनं तळहात टेकवला. पावलं वर गेली. तिनं पदरानं फळी पुसली. विश्वासनं हातातली वही खाली ठेवली. ‘‘यही है,’’ तो म्हणाला, ‘‘यही नाटक है.’’ त्यानं सगळं नाटक त्या हाताभोवती नव्यानं लिहिलं.

नाटक चाललं. चंदीगड, लखनौ, भोपाळ. सतरा वर्षांत एकशे साठच्या वर प्रयोग झाले. हिंदीतल्या नाटकासाठी हे फार होतं. लोक तिला भेटायला यायचे आणि बोलायच्या आधी तिचा उजवा हात हातात घ्यायचे.

पहिल्या हिवाळ्यातच आईनं नाटक पाहिलं. तिला ऐकू येत नव्हतं, पण बघण्यासारखं तर सगळं होतं. घरी आल्यावर चपला काढताना म्हणाली, ‘‘मी अशी दिसते का गं?’’

वैजयंतीनं मानेनंच नाही म्हटलं. आईनं आणखी काही विचारलं नाही. पण त्यानंतर तिनं भिंतीला हात लावला नाही. सात वर्षांनी ती गेली, तोवर संध्याकाळी ती आतल्या खोलीत पलंगावर दाराकडे पाठ करून बसायची. वैजयंतीनं खांद्याला हात लावला की दचकायची.

ही गोष्ट वैजयंतीनं कुणाला सांगितली नाही. नाटक सुरूच ठेवलं.

सत्तावन्नाव्या वर्षी विश्वासचा फोन आला. नाटकावर सिनेमा होतोय, मुंबईची कंपनी आहे, अनिश नावाचा तरुण दिग्दर्शक आहे. वैजयंतीनं विचारलं, ‘‘और वो?’’ म्हणजे म्हातारी. विश्वास हसला. ‘‘तेरे सिवा कौन करेगा, यार?’’

नोएडातल्या स्टुडिओत तिची स्क्रीन टेस्ट झाली. अनिश नम्र होता, उठून उभा राहिला, ‘मॅम’ म्हणाला. टेस्ट झाल्यावर खोलीतली तीन माणसं डोळे पुसत होती. वैजयंती घरी आली, आता क्वार्टर सोडून ते इंदिरापुरमला राहत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं प्रसन्नला विचारलं, ‘‘रजा काढावी लागेल. दोन महिने चालेल ना तुला?’’ तो म्हणाला, ‘‘बिल्कुल.’’ क्षिप्रानं तर ऑफिसात सगळ्यांना सांगून टाकलं.

तीन आठवड्यांनी विश्वास घरी आला. मिठाई घेऊन आला, तेव्हाच तिला कळायला हवं होतं. म्हातारी रेवती सरीन करणार होती. रेवती सेहेचाळीस वर्षांची होती, मोठी नायिका होती, आता तिला गंभीर काम हवं होतं. तिच्या नावावर सिनेमा उभा राहत होता, वैजयंतीच्या नावावर राहत नव्हता. एवढं साधं होतं ते.

‘‘पण त्यांना तू हवी आहेस,’’ विश्वास म्हणाला. ‘‘कोच म्हणून. रेवतीला तयार करायचं. आणि एक सीन आहे, शेजारणीचा. छान सीन आहे.’’

‘‘तुला कधीपासून माहीत आहे हे?’’

विश्वासनं मिठाईच्या खोक्यावरचा दोरा बोटाला गुंडाळला. ‘‘नाटकाचे हक्क दिले तेव्हापासून,’’ तो म्हणाला. ‘‘वैजू, मीही अडुसष्टचा झालो. माझं एक काम तरी दिल्लीबाहेर दिसू दे.’’

क्षिप्रा म्हणाली, जाऊ नकोस. प्रसन्न म्हणाला, तुला वाटेल ते कर. वैजयंती गेली. का गेली याचं उत्तर तिनं पुढं अनेकदा शोधलं. नाही म्हटलं असतं तर हातात काहीच उरलं नसतं, हे एक. आणि दुसरं म्हणजे, दुसरं कुणी तरी ते चुकीचं शिकवेल, ही कल्पनाच तिला सहन होत नव्हती. चौदा पानांचा इंग्रजी करार होता. जन्मभर सरकारी कागदांचा अनुवाद करत आलेल्या बाईनं तो नीट न वाचता सही केली.

रेवती वाईट असती तर बरं झालं असतं. ती तशी नव्हती. नोएडातल्या हॉटेलच्या एका मोठ्या खोलीत एकवीस दिवस ती सकाळी नऊला हजर असायची, तोंड धुतलेलं, केस बांधलेले, हातात वही. कान कापसानं बंद करून ती दिवसदिवस राहिली. चालणं शिकली, बसणं शिकली, न ऐकू येणारी बाई समोरच्याच्या खुणा टिपायला तोंडाकडे न बघता छातीकडे कशी बघते ते शिकली. वैजयंतीच्या पाया पडायची, तिच्यासाठी घरगुती जेवणाचा डबा मागवायची. तळहात टेकवणं तिला चौथ्या दिवशी जमलं. पण हात काढताना ती तो नुसता खाली सोडायची, आणि सगळं खोटं व्हायचं.

वैजयंतीनं पुसणं शिकवलं नव्हतं. ठेवलं होतं मागे. नाटक पाहिलेल्या एखाद्यानं आठवण करून दिलीच तर बघू, असं मनाशी ठरवलं होतं. विसाव्या दिवशी रेवती खिडकीजवळ बसली आणि रडकुंडीला येऊन म्हणाली, ‘‘दीदी, हाथ हटाते वक़्त मैं झूठी हो जाती हूँ. क्यों?’’

प्रश्न बरोबर होता. इतका बरोबर प्रश्न वैजयंतीला चाळीस वर्षांत कुठल्या सहकलाकारानं विचारला नव्हता. ती उठली, हॉटेलच्या गुळगुळीत भिंतीवर हात ठेवला आणि ओढणीच्या टोकानं भिंत पुसली. ‘‘तिला लाज वाटते,’’ ती म्हणाली. ‘‘वाट बघताना पकडली गेली म्हणून.’’

रेवतीनं स्वतः एकदा भिंत पुसून पाहिली. मग तिनं वहीत लिहून घेतलं.

शेजारणीचा सीन सरोजिनी नगरातल्या रिकाम्या केलेल्या क्वार्टरमध्ये होता. पाडायला निघालेली इमारत, दारांना खडूनं क्रमांक घातलेले. वैजयंती दोन दिवस व्हॅनमध्ये मेकअप करून बसून होती. तिसऱ्या दिवशी तिनं दारात उभं राहून चार वाक्यं म्हटली. ‘‘ब्यूटिफुल, मॅम,’’ अनिश म्हणाला. सिनेमात ती चार वाक्यं नव्हती. शेवटी नावांची यादी धावत होती, त्यात ‘मूव्हमेंट’ या सदराखाली तिचं नाव होतं. ‘वैजंती’ असं लिहिलेलं.

सिनेमा गाजला. लोकांनी मोबाइलवर भिंत पुसतानाचे व्हिडिओ केले, त्यावर गाणी चढवली. एका मुलाखतीत रेवतीला विचारलं गेलं की हे तिला कुठून सुचलं. रेवतीनं डोळे मिटले. म्हणाली, ‘‘माझी नानी. अमृतसरच्या घरात. मी लहान होते, ती अशी भिंतीला हात लावायची, मग दुपट्ट्यानं पुसायची. ते माझ्या आत कुठंतरी होतं.’’

क्षिप्रानं ते फोनवर पाहिलं आणि फोन सोफ्यावर आपटला. ‘‘मी लिहिणार आहे. सगळं. आत्ता.’’

‘‘करार आहे,’’ वैजयंती म्हणाली. शेवटी वाचला होता तिनं. अकराव्या पानावर होतं. शिकवलेल्या कुठल्याही गोष्टीबद्दल कुठंही बोलायचं नाही, आणि शिकवलेलं सगळं कंपनीचं.

‘‘अगं पण आजीचं आहे ते!’’

‘‘आजीला मी तरी कुठं विचारलं होतं?’’

क्षिप्राला हे कळलं नाही. वैजयंतीनं कपडे आत आणायच्या निमित्तानं बाल्कनी गाठली.

विश्वासला तिनं फोन केला तेव्हा तो आधीच तयार होता. ‘‘गड़े मुर्दे क्यों उखाड़ रही है?’’ तो म्हणाला. ‘‘रेवतीला खरंच तसं आठवत असेल. इतके दिवस ते अंगात बाळगलं की माणसाला आपलंच वाटतं. आणि ऐक, नाटक परत लावतोय. लोक मागतायत. हाऊसफुल्ल जाईल.’’

ती साठीला आली होती, नोकरीतून त्याच महिन्यात निवृत्त झाली होती. ती हो म्हणाली. रंगमंच तरी आपला आहे, असं तिला वाटलं.

नाट्यगृह खरंच भरलं. तरुण मुलंमुली, गुरुग्रामहून मेट्रोनं आलेली. वैजयंतीनं तळहात भिंतीवर टेकवला आणि अंधारातून टाळ्या पडल्या. आजवर तिथं कधी टाळी पडली नव्हती, तिथं श्वास अडकायचे. पुसायला पदर उचलला तेव्हा कुणीतरी शिट्टी मारली. प्रयोगानंतर एक मुलगी आत आली, डोळे भरलेले, अगदी मनापासून म्हणाली, ‘‘मॅम, किती सेम टु सेम केलंत! रेवतीजींचा पूर्ण अभ्यास केलाय तुम्ही.’’ एका पोर्टलवर परीक्षण आलं: ज्येष्ठ अभिनेत्रीनं केलेली नक्कल प्रामाणिक आहे, मात्र मूळ भूमिकेची खोली तिच्यात नाही.

प्रसन्ननं ते वाचून दाखवलं नाही. वर्तमानपत्राखाली फोन लपवला. तिनं स्वतः शोधून वाचलं.

पुढच्या प्रयोगात तिनं हात लावलाच नाही. पावलं वाजली आणि ती खोलीच्या मधोमध उभी राहिली, हात खाली सोडून, भिंतीकडे नुसतं बघत. तिला वाटलं, यातही काही आहे. होतंही बहुधा. पण लोक चुळबुळले, कुणीतरी मोबाइल खाली ठेवून शेजाऱ्याला विचारलं, ‘‘वो वाला सीन कट गया क्या?’’

विश्वास पडदा पडताच विंगेत आला. वीस-पंचवीस वर्षांत तो तिच्यावर कधी ओरडला नव्हता.

‘‘लोग वही देखने आते हैं! हात लाव. तुला काय सिद्ध करायचंय?’’

‘‘मी लावला की ते म्हणतात तिची नक्कल आहे.’’

‘‘मग म्हणू देत!’’

‘‘तू कुठंतरी एक ओळ लिही, विश्वास. पोस्टरवर. की हे आधी नाटकात होतं, मी केलेलं. तू तर करारात नाहीस.’’

विश्वासनं कपाळावरचा घाम पुसला. कंपनी त्याचं दुसरं नाटक घेत होती. तो ते बोलला नाही, पण वैजयंतीला ते ग्रुपमधल्या दुसऱ्या नटीकडून, विनयाकडून, आठवड्यापूर्वीच कळलं होतं. ती वाट बघत राहिली. तो म्हणाला, ‘‘पुढच्या शनिवारी दोन प्रयोग आहेत. तुला जमत नसेल तर आत्ताच सांग.’’

‘‘जमत नाही,’’ वैजयंती म्हणाली.

तिला वाटलं होतं, तो थांबवेल. तो मान हलवून लाइटवाल्याशी बोलायला गेला. शनिवारी विनया उभी राहिली. तिनं सिनेमा आठ वेळा पाहून हात बसवला होता. नाटक अजून चालू आहे.

आता वैजयंती बासष्टची आहे. गुरुग्राममधल्या एका प्रशिक्षण संस्थेला नट लागतात. मोठ्या कंपन्यांतल्या मॅनेजर लोकांना अवघड संभाषणाची सवय व्हावी म्हणून ही माणसं समोर बसतात आणि ठरवून दिलेला कर्मचारी होतात. हे काम क्षिप्राच्या ओळखीनं मिळालं. घरात बसून आई भिंतींकडे बघते, असं तिनं तिथल्या एका मैत्रिणीला सांगितलं होतं. वैजयंतीला बहुतेक वेळा एकच भूमिका असते. बावीस वर्षं नोकरी केलेली बाई, जिला आज काढून टाकायचं आहे. नियम लेखी दिलेले असतात. आवाज चढवायचा नाही, फार रडायचं नाही, वीस मिनिटांत समजूत पटल्यासारखं दाखवायचं.

परवा एका काचेच्या खोलीत तिच्यासमोर धीरज नावाचा मुलगा बसला होता. तिशीचा, पुण्याचा. त्यानं पाणी पुढं केलं, घसा साफ केला आणि पाठ केलेली वाक्यं बोलू लागला. कंपनी तुमच्या योगदानाची कदर करते. हा निर्णय तुमच्याबद्दल नाही. वैजयंतीनं ऐकून घेतलं. मग तिला सांगितलेलं वाक्य होतं, ‘‘माझं काय चुकलं?’’ ते तिनं म्हटलं. फार हळू म्हटलं. मुलगा गडबडला. त्याला पुढचं वाक्य आठवेना. त्यानं हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग प्रशिक्षकाकडे.

प्रशिक्षकानं घड्याळ थांबवलं. ‘‘वैजयंतीजी, थोड़ा हल्का रखिए,’’ तो म्हणाला. ‘‘त्यांना जमायला हवं ना.’’

‘‘सॉरी,’’ ती म्हणाली. दुसऱ्यांदा तिनं तेच वाक्य असं म्हटलं की त्याला काही वजनच उरलं नाही. मुलाचं सगळं व्यवस्थित पार पडलं. त्याला चांगले गुण मिळाले.

बाहेर पडताना तो दारात घोटाळला. ओळखपत्रावरचं आडनाव वाचून मराठीत म्हणाला, ‘‘काकू, तुम्ही मराठी? मघाशी पहिल्यांदा बोललात ना, मला एकदम माझी आई वाटली. तुम्ही आधी काय करायचात? नाटकात वगैरे होतात का?’’

वैजयंतीनं पर्समधून चष्म्याची डबी काढली, उघडली, परत बंद केली.

‘‘नाही रे,’’ ती म्हणाली. ‘‘सरकारी नोकरीत होते. अनुवादक.’’

‘‘अच्छा,’’ तो म्हणाला आणि लिफ्टकडे गेला. आतून प्रशिक्षकानं पुढचं नाव पुकारलं. एक मुलगी आत आली, खुर्ची ओढून बसली, कागद सरळ केले. वैजयंती तिच्यासमोर बसली आणि कामावरून काढलं जाण्यासाठी तयार झाली.